व्हीएआरच्या आधी पंचाचा आठवडा बघा

मला विचारलेला प्रश्न असा आहे: ‘आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, दर सीझनला पंचांवरून आरडाओरडा होतो. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून मैदानावरच्या पंचाला मदत करायची व्यवस्था, आणलं की हे थांबेल का? आणि थांबणार नसेल तर व्यावसायिक फुटबॉलमधली पंचगिरी सुधारायची तरी कशी?’

मी अठ्ठावीस वर्षं शिट्टी वाजवली. सुरुवात कोल्हापूरच्या मैदानांवर, नंतर राज्याबाहेर. गेली काही वर्षं असेसर, म्हणजे पंचांचं काम तपासणारा, म्हणून स्टँडमध्ये वही घेऊन बसतो आणि दुसऱ्यांचे सामने टिपून घेतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

ज्या सामन्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे घराघरांत पोचला तिथूनच सुरू करतो. ३ मार्च २०२३, बंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, बंगळुरू एफसी विरुद्ध केरला ब्लास्टर्स, प्लेऑफचा सामना. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत बंगळुरूला डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी चौकटीच्या, बाहेर फ्री किक मिळाली. ब्लास्टर्सचा गोलकीपर फटका अडवायला खेळाडूंची भिंत लावत होता, तेवढ्यात सुनील छेत्रीने चेंडू जाळ्यात टाकला. पंचाने गोल दिला. ब्लास्टर्सच्या कोचने खेळाडूंना बाहेर बोलावलं आणि अख्खा संघ मैदान सोडून गेला. पुढे भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबला ४ कोटी रुपये दंड केला आणि कोचवर १० सामन्यांची बंदी घातली.

त्यानंतर महिनाभर जो भेटेल तो मला एकच विचारायचा, गोल बरोबर होता की चूक? नियम सांगतो. ज्या संघाला फ्री किक मिळाली त्याला ती झटकन घ्यायची मुभा आहे. शिट्टीची वाट बघावी लागते ती फक्त पंचाने ‘थांब, मी शिट्टी वाजवेपर्यंत मारू नकोस’ असं सांगितलं असेल तेव्हा. छेत्रीचं म्हणणं होतं की मला शिट्टी नको, भिंतही नको, असं मी आधीच सांगितलं होतं. म्हणजे सगळा वाद एका गोष्टीवर येऊन थांबतो: किक मारण्याआधीच्या पाच-सात सेकंदांत पंच काय बोलला, कुणाशी बोलला, आणि ते मैदानावर किती जणांना कळलं. अशा वेळी आम्ही एक साधी गोष्ट शिकवतो. वेळ लागणार असेल तर हात वर करून शिट्टी सगळ्यांना दाखवायची, मारणाऱ्यालाही आणि भिंतवाल्यांनाही. वेळ लागणार नसेल तर तिथे रेंगाळायचंच नाही, सरळ पुढच्या जागेकडे धावत सुटायचं. पंच चेंडूजवळ उभा दिसला की बचाव करणारे गृहीत धरतात की आता शिट्टी होणार. ही देहबोली कॅमेरा लावून सुधारत नाही. ती सरावाने अंगात मुरते.

व्हीएआरला माझा विरोध नाही. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा फटका गोलरेषेच्या चांगला आत पडला होता आणि तो गोल दिला गेला नाही. दोन वर्षांनी गोललाइन तंत्राला मान्यता मिळाली, २०१४ च्या वर्ल्ड कपला ते वापरलं, आणि तो वाद कायमचा मिटला. चेंडू रेषेच्या आत गेला की नाही याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं. असलं काम यंत्राला द्यावंच. कतारला २०२२ मध्ये ऑफसाइडसाठी (पास सुटताना पुढचा खेळाडू शेवटून दुसऱ्या बचावपटूच्याही पुढे होता का, हे बघायला) छताखाली १२ कॅमेरे होते आणि ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते. माणसाच्या डोळ्याला ते जमणार नाही आणि जमावं अशी अपेक्षाही करू नये.

पण डीमध्ये झालेला धक्का, हात नैसर्गिक जागी होता की नाही, टॅकल बेपर्वा होतं की जीवघेणं, हे शेवटी माणूसच ठरवणार. फरक एवढाच की मैदानावरच्या माणसाबरोबर आता खोलीत बसलेलाही एक माणूस असतो. तो खोलीतला माणूसही पंचच. मैदानावर ज्याचा निर्णय कच्चा आहे, त्याला खोलीत बसवल्याने तो पक्का होत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला ३० सप्टेंबर २०२३ चा टॉटनहॅम-लिव्हरपूल सामना. लिव्हरपूलच्या लुईस डियाझने गोल केला, मैदानावर ऑफसाइड दिलं. व्हीएआरच्या खोलीत रेषा ओढल्या, त्या बरोबर आल्या, खेळाडू ऑनसाइड होता. पण खोलीतल्या पंचाची समजूत अशी झाली की मैदानावर गोल दिलेला आहे. म्हणून त्याने ‘चेक कंप्लीट’ म्हटलं. मैदानावरच्या पंचाने त्याचा अर्थ घेतला की ऑफसाइड कायम. फ्री किक घेतली गेली, खेळ सुरू झाला, आणि काही सेकंदांत चूक लक्षात आली तेव्हा नियमाप्रमाणे मागे जाता येत नव्हतं. लिव्हरपूल २-१ ने हरलं. तंत्र चोख चाललं होतं. मैदानावरचा निर्णय काय आहे, हे एकमेकांना मोठ्याने सांगायची शिस्त त्या मिनिटाला सुटली. नंतर तिथल्या पंचांच्या संस्थेने ध्वनिफीत जाहीर केली, तेव्हा तो गोंधळ साऱ्या जगाने ऐकला. मी ती ध्वनिफीत नव्या मुलांना आजही ऐकवतो. थट्टेसाठी नाही. आपल्या तोंडचे शब्द किती मोजूनमापून यायला हवेत ते कळावं म्हणून.

आता मूळ मुद्द्यावर येतो. पंच चुकतो तो बहुतेक वेळा नियम माहीत नसल्याने नाही आणि पक्षपातानेही नाही. तो चुकीच्या जागी उभा असतो म्हणून चुकतो.

माझीच गोष्ट सांगतो. मला पंच होऊन सहा-सात वर्षं झाली होती. कोल्हापुरात दोन पेठांचा सामना म्हणजे काय असतं हे ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. गॅलरी भरून लोक भिंतींवर चढलेले असतात. सामना संपायला दहा मिनिटं बाकी असताना उजव्या बगलेतून क्रॉस आला, डीमध्ये बचावपटूला चेंडू लागला आणि स्टँडमधून एकच ओरडा झाला, ‘हँड!’ मी पेनल्टी दिली. तोच गोल निर्णायक ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आमच्या जुन्या मास्तरांनी मला मोकळ्या मैदानावर बोलावलं. ते स्वतः नामांकित पंच होते आणि आदल्या दिवशी स्टँडमध्ये बसलेले होते. त्यांनी मैदानाची राखण करणाऱ्याच्या पोराला डीमध्ये नेमक्या त्या जागी उभं केलं. मला माझ्या जागी उभं केलं. मध्ये दोन विटा ठेवल्या, आदल्या दिवशी दोन खेळाडू जिथे होते तिथे, आणि एका विटेमागे स्वतः उभे राहिले.

‘आता काय दिसतंय?’

‘पोराची पाठ. आणि तुमचा खांदा.’

‘त्याचा हात कुठं आहे?’

दिसत नव्हता. मला म्हणाले, डावीकडे सरक. मी एक पाऊल सरकलो, दोन, तीन. सहाव्या पावलाला त्या पोराचा उजवा हात दिसला. अंगाला चिकटलेला. चेंडू छातीला लागला होता. मी बघून निर्णय दिलाच नव्हता, ओरडा ऐकून दिला होता. मास्तर रागावले नाहीत. त्या सहा पावलांच्या जागेवर त्यांनी मला तासभर पुन्हा पुन्हा धावत यायला लावलं, मध्यरेषेपासून, वेगवेगळ्या कोनांतून. आजही क्रॉस यायच्या आधी माझे पाय आपोआप डावीकडे वळतात.

मैदानावर पंच कर्णरेषेत फिरतो आणि दोन सहायक दोन बाजूंच्या अर्ध्या-अर्ध्या टचलाइनवर असतात. चेंडू कायम पंच आणि सहायक यांच्या मध्ये ठेवायचा, हा त्यामागचा विचार. ही पद्धत रुजवली स्टॅनले राउस या इंग्लिश पंचाने, जो पुढे फिफाचा अध्यक्ष झाला. पण आजचा खेळ त्या काळापेक्षा कितीतरी वेगवान आहे. कर्ण आंधळेपणाने पाळणारा पंच आता वीस मीटर मागे राहतो. चांगला पंच चेंडूच्या मागे पळत नाही, चेंडू पुढे कुठे जाणार ते ओळखून तिथला कोन आधी पकडतो. त्यासाठी त्याला दोन्ही संघांचा खेळ माहीत असावा लागतो. डावा बॅक आत घुसतो की बाहेरून पळतो, कॉर्नरला कोण कुणाला अडवून धरतो, कुठला सेंटर बॅक जर्सी ओढतो. कोच हे सगळं व्हिडिओवर बघून सामन्याला येतात. आपल्याकडे पंच किती वेळा बघून येतो?

आणि इथेच पंचाचा आठवडा येतो. इंग्लंडमध्ये २००१ पासून वरच्या पातळीचे पंच पगारी, पूर्णवेळ आहेत. त्यांना फिटनेस कोच आहे, मानसतज्ज्ञ आहे, ते ठरावीक दिवसांनी एकत्र येतात आणि स्वतःच्या क्लिप एकमेकांसमोर बघतात. एवढं असूनही चुका होतात, हे मान्य. पण निदान त्यांच्या चुकांची कारणं शोधायला कुणाला तरी वेळ आहे.

आपल्याकडचे बहुतेक पंच नोकरी सांभाळून हे करतात. मी ज्याचे सामने बघतो असा एक मुलगा शाळेत पीटीचा शिक्षक आहे. पहाटे पाचला उठून पळतो, दिवसभर शाळा, शुक्रवारी रात्री गाडीत बसतो, शनिवारी सामना, रविवारी परत, सोमवारी पुन्हा पहिल्या तासाला हजर. फिफाची फिटनेस टेस्ट म्हणजे ४० मीटरच्या सहा धावा, पुरुषांना प्रत्येकी ६ सेकंदांच्या आत, आणि त्यानंतर ७५ मीटर धावणं, २५ मीटर चालणं, असं चाळीस वेळा. म्हणजे एकूण ४ किलोमीटर. तो मुलगा ही टेस्ट पास होतो. पण टेस्ट पास होणं वेगळं आणि ऐंशीव्या मिनिटाला, दहा किलोमीटर पळून झाल्यावर, डोकं शाबूत ठेवणं वेगळं. दमलेला पंच आधी विचार करायचं थांबतो आणि मग पळायचं. पाय थांबलेले लोकांना दिसतात, डोकं थांबलेलं दिसत नाही.

म्हणून मला कुणी विचारलं की लीगने पहिला रुपया कुठे घालावा, तर मी म्हणेन की वरच्या वीस-पंचवीस पंचांना आणि तेवढ्याच सहायकांना वर्षाच्या करारावर घ्या. सोमवारी विश्रांती आणि क्लिप, मंगळवार-बुधवार मैदानावर सराव, गुरुवारी पुढच्या सामन्याचा अभ्यास. आणि पैसे वेळेवर द्या. मी स्वतः एका स्पर्धेचं मानधन आठ महिन्यांनी घेतलं आहे. त्या आठ महिन्यांत मी किती निष्ठेने पळालो हे माझं मला माहीत आहे. पण प्रत्येकाकडून तशी अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

सहायक पंचांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त शिव्या तेच खातात. ऑफसाइड बघायचं तर शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी रेषेत उभं राहावं लागतं. मीटरभर जरी पुढे-मागे झालात तरी कोन बदलतो आणि डोळा फसतो. २००० साली डच संशोधकांनी हे मोजून दाखवलं होतं की सहायकाच्या बऱ्याच चुका त्या कोनामुळे होतात. शिवाय पळत असलेला माणूस प्रत्यक्ष असतो त्यापेक्षा किंचित पुढे दिसतो. त्यामुळे पास सुटला त्या क्षणी बरोबरीत असलेला स्ट्रायकर सहायकाला पुढे गेलेला वाटतो आणि झेंडा वर जातो. हा डोळ्याचा स्वभाव आहे, तो हेतूचा प्रश्न नाही. पण सरावाने तो बराच सुधारता येतो. मोबाइलवर क्लिप लावायच्या, पास सुटताच थांबवायच्या, आपण निर्णय सांगायचा, मग रेषा बघायची. रोज पन्नास केल्या तर दोन महिन्यांत फरक दिसतो. मी चार मुलांकडून हे करून घेतलं आणि त्यांचे झेंडे आता उशिरा, पण ठाम वर जातात.

प्रेक्षकांच्या दबावाबद्दलही लोक विचारतात. दबाव येतो. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात पंचांना एकाच सामन्याचे प्रसंग दाखवले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना मुके. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध कमी फाऊल दिले. स्पेनमध्ये असंही दिसलं की यजमान एका गोलने मागे असेल तर पंच जास्त वेळ वाढवून देतात. हे पंच विकले गेलेले नव्हते. माणसं होती, माझ्यासारखीच, त्या पेनल्टीच्या दिवशी होतो तशी. यावर उपाय म्हणजे हे पंचाला उघडपणे सांगणं, त्याचे स्वतःचे आकडे त्याच्यासमोर ठेवणं: यजमानांविरुद्ध किती कार्डं, पाहुण्यांविरुद्ध किती, किती मिनिटं वाढवली. ज्याला आपला कल माहीत आहे तो तो सांभाळू शकतो.

आता सगळ्यात दुखऱ्या जागेकडे येतो. असेसमेंट. मी माझ्या काळात शेकडो सामने केले आणि त्यातल्या मोजक्यांचा अहवाल मला वाचायला मिळाला. अहवाल लिहिला जायचा, फाइलला लागायचा, पुढची नेमणूक त्यावरून ठरायची किंवा ठरायची नाही, आणि पंचाला कळायचं ते एवढंच की या महिन्यात आपलं नाव यादीत नाही. का नाही, हे विचारायची सोय नव्हती. यातून पंच काय शिकतो? जपून राहायला शिकतो. मोठ्या क्लबविरुद्ध पेनल्टी देताना हात जड होतो.

प्रीमियर लीगमध्ये दर आठवड्याला पाच जणांची समिती महत्त्वाचे निर्णय तपासते. त्यात तीन जण माजी खेळाडू किंवा कोच, एक लीगचा, एक पंचांच्या संस्थेचा. ते मत देतात, बरोबर की चूक, व्हीएआरने पडायला हवं होतं की नको. हे आपल्याकडे उद्यापासून करता येईल. त्याला कॅमेऱ्यांचा खर्च नाही. दर सोमवारी चार क्लिप, समितीचा निर्णय आणि नियमाचं कलम, साध्या भाषेत जाहीर करायचं. पंचाची चूक असेल तर चूक म्हणायचं. त्याने पंचाची इज्जत जात नाही. गप्प बसल्याने जाते, कारण मग त्या शांततेत लोक हवा तो अर्थ भरतात.

समितीपेक्षाही मोलाचं म्हणजे सामना संपल्यावर अर्ध्या तासात पंचाशेजारी बसणारं माणूस. मी आता हेच करतो. आधी त्यालाच विचारतो, तुला कुठला निर्णय खटकतोय? दहापैकी आठ वेळा तो नेमका तोच सांगतो जो मी वहीत लिहिलेला असतो. मग आपण निर्णयावर बोलतच नाही, त्याच्या आधीच्या दहा सेकंदांवर बोलतो. तू कुठून आलास, कुठे बघत होतास, का थांबलास.

व्हीएआरकडे परत येतो, कारण प्रश्नात ते होतं. संपूर्ण व्हीएआरला भरपूर कॅमेरे, प्रशिक्षित व्हीएआर पंच आणि प्रत्येक मैदानावर तीच व्यवस्था लागते. आपल्यासाठी मला फिफाचं ‘फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट’ जास्त योग्य वाटतं. २०२४ मध्ये कोलंबियातल्या वीस वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपमध्ये ते वापरलं. त्यात खोलीत बसलेला पंच नसतो. प्रत्येक कोचला सामन्यात दोनदा दाद मागता येते, बरोबर निघाली तर ती संधी शिल्लक राहते, आणि मैदानावरचा पंच स्वतः पडद्यापाशी जाऊन बघतो. चार-पाच कॅमेऱ्यांतही चालतं. यातला मला आवडणारा भाग हा की निर्णय त्याच माणसाच्या हातात राहतो आणि कोचलाही आपली दाद जपून वापरावी लागते.

नवे पंच येतायत कुठून, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही, पण सगळं तिथेच अडलेलं आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यात सतरा-अठरा वर्षांचा पोरगा शिट्टी घेऊन उभा असतो आणि टचलाइनवरून पालक त्याला वाट्टेल ते बोलत असतात. दोन सीझन तो सहन करतो, मग सोडतो. अशी माझ्या हाताखालून किती गेली ते आठवलं की वाईट वाटतं, कारण त्यातली दोघं-तिघं खरंच वरपर्यंत जाणारी होती. इंग्लंडमध्ये २०२३ पासून गावपातळीच्या काही पंचांच्या छातीवर कॅमेरे लावून पाहिले, शिवीगाळ करणाऱ्याला जरब बसावी म्हणून. २०२४ च्या युरो स्पर्धेपासून पंचाशी फक्त कप्तानाने बोलायचं, ही पद्धत रूढ होते आहे. ती आपल्या जिल्हा लीगमध्ये पहिल्यांदा आणावी, आयएसएलमध्ये नंतर. कोल्हापुरात कप्तानाचं पोरं ऐकतात. तिथे ही पद्धत नक्की चालेल.

आणि मुली. गोव्याच्या युवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनला सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपमध्ये सहायक पंच होत्या. २०१७ मध्ये कोलकात्यात एस्थर श्टॉब्ली या स्विस पंचाने पुरुषांच्या फिफा स्पर्धेतला सामना सांभाळला, असं करणारी ती पहिलीच स्त्री. तो सामना आपल्या देशात झाला, आपल्या मुलींनी टीव्हीवर पाहिला. तरी आमच्या जिल्ह्यातल्या शेवटच्या पंच परीक्षेला चाळीसात दोन मुली होत्या. कारण विचारलं तर एकीने सरळ सांगितलं, मैदानावर कपडे बदलायला जागाच नाही. मी त्यानंतर मला बोलावणाऱ्या प्रत्येक आयोजकाला आधी एकच विचारतो: पंचांना बंद दाराची खोली आहे का? नसेल तर मी नेमणूक घेत नाही, आणि गेल्या वर्षभरात तीन मैदानांवर ती खोली झाली आहे.

प्रश्न विचारणाऱ्याने शेवटी लिहिलं होतं की त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, खेळताना गुडघा गेला, आता पंच व्हायचं म्हणतो. त्याला पाठवा. आधी डॉक्टरला विचारून गुडघा पळण्यालायक करून घ्या. मग जिल्ह्याची परीक्षा द्या, सतरा नियम आहेत, महिन्याभरात वाचून होतात. पण परीक्षेआधी त्याला एकदा मोकळ्या मैदानावर घेऊन या, सकाळी सातला. दोन विटा मी आणतो.